सिंधू जल करारास, सा. न. वि. वि.

श्री. रा. रा. सिंधू जल करार यांसी,
मुक्काम: कुठल्या कपाटात ठेवलंय, ते कळवावे.

विषय: नद्यांच्या पाणीपातळीच्या रोजच्या नोंदी पलीकडे कळवणे पुन्हा सुरू करण्याबाबत.
संदर्भ: आपलाच दि. 19 सप्टेंबर 1960 चा दस्तऐवज.

महोदय,

विषय आणि संदर्भ घातल्याबद्दल हसू नका. उभी हयात पाटबंधारे खात्यात गेली. वाण्याची यादी लिहितानाही मी वर तारीख आणि जावक क्रमांक टाकतो, असं आमच्या घरी म्हणतात. पत्राला उत्तर येईल ही अपेक्षा नाही. खात्यातली निम्मी पत्रं उत्तराविनाच फायलीला लागायची, तेव्हा सवय आहे.

प्रकृती कशी आहे? 23 एप्रिल 2025 पासून आपण स्थगित आहात असं वाचतो. रद्द झालात असंही कुणी म्हणत नाही आणि चालू आहात असंही नाही. तुमची बारा कलमं मी पुन्हा काढून वाचली. असं बाजूला बसवून ठेवायची सोय त्यात कुठंच नाही. भारत आणि पाकिस्तान या दोन्ही सरकारांनी मिळून नवा करार केला तरच तुम्ही संपता. लिहिणाऱ्यांनी मुदतसुद्धा घातली नाही. आमचं महाराष्ट्र राज्य आणि तुम्ही एकाच सालचे. आम्ही मे महिन्यातले, तुम्ही सप्टेंबरातले. अंमल मात्र तुमचा 1 एप्रिलपासून, म्हणजे मागल्या तारखेनं! आमच्याकडं कारकुनानं हे केलं असतं तर चौकशी लागली असती. तुमच्यावर कराचीत पंडित नेहरू आणि अयुब खान या दोघांनी सह्या केल्या आणि कुणी चकार शब्द काढला नाही.

आता मनातलं आधी बोलून टाकतो. 22 एप्रिल 2025 ला पहलगामला सव्वीस माणसं मारली गेली. त्यात सहा आपल्या महाराष्ट्रातली होती, डोंबिवलीची, पुण्याची, पनवेलची. सुट्टीला गेलेली माणसं, बायकामुलांच्या डोळ्यांदेखत. दुसऱ्या दिवशी सरकारनं तुम्हाला बाजूला ठेवलं, तेव्हा आमच्या कट्ट्यावर कुणाला वाईट वाटलं नाही. मलाही वाटलं नाही. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याला करार दाखवायला जाऊ नये, एवढी अक्कल वयानं येते. म्हणून तेव्हा गप्प बसलो. पण कट्ट्यावर जो तो म्हणायला लागला, की आता त्यांचं पाणी बंद. तेव्हा मात्र माझ्यातला जुना शाखा अभियंता अस्वस्थ झाला. पाणी बंद करायचं म्हणजे ते कुठंतरी साठवायला लागतं. चिनाब, झेलम आणि खुद्द सिंधू या तुमच्या तीन पश्चिमी नद्यांवर भारतानं 36 लाख एकर-फूट साठा करावा, अशी मुभा तुम्हीच दिली होती. त्यातलं फारच थोडं आपण बांधलं. बगलिहार काय, सलाल काय, ही वाहत्या पाण्यावर वीज करणारी धरणं. त्यांच्या पोटात काही दिवसांचं पाणी मावतं. उन्हाळ्यात बर्फ वितळून चिनाब भरून येते तेव्हा ती अडवून धरायला जागाच नाही. मोठं धरण आणि डोंगरातून बोगदा काढायला किती वर्षं लागतात हे मला विचारा. एका साध्या उपसा योजनेच्या भूमिपूजनाला गेलो होतो आणि तिचं पाणी शेताला लागलं तेव्हा मी निवृत्त होतो.

मग थांबलं काय? थांबला तो कागद. रोजची पातळी आणि रोजचा विसर्ग लिहून महिन्याला एकदा पलीकडे जाणारा तक्ता. वर्षातून एकदा तरी आळीपाळीनं इकडं आणि तिकडं भरणारी सिंधू आयुक्तांची बैठक. पाच वर्षांतून एकदा दोन्हीकडच्या अभियंत्यांनी एकत्र करायची नदीची पाहणी. मला तुमच्याशी बोलायचंय ते याबद्दल. बाकीचं मोठी माणसं बघतील.

तुमची माझी ओळख खात्यातली. नव्यानं रुजू झालो तेव्हा आमचे साहेब म्हणायचे, सक्करचा बंधारा मुंबई इलाख्याचा, हे विसरू नका. खरंच होतं ते. 1936 पर्यंत सिंध प्रांत मुंबई इलाख्यात होता. सिंधूवरचा सक्करचा लॉइड बंधारा 1932 ला पुरा झाला, तो मुंबई सरकारनं बांधला. भोरजवळचं भाटघरचं लॉइड धरण त्याच्या थोडंसं आधीचं, 1928 चं. दोन्हींना एकाच गव्हर्नराचं नाव. खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवले ते विश्वेश्वरय्या पुण्यात शिकलेले, मुंबई इलाख्याच्या नोकरीतले. त्यांनी त्याआधी सक्कर गावाची पाणीपुरवठा योजना केली होती. म्हणजे नीरेचं पाणी आणि सिंधूचं पाणी एकाच कचेरीच्या वहीत लिहिलं जायचं. तुमच्याबद्दलची आमची आपुलकी अशी चुलत्याकडून आलेली आहे. सांगितलं नाही तर तुम्हाला वाटायचं, हा सांगलीचा माणूस कशाला मध्ये पडतोय.

तुमच्या जन्माची कथा नव्या लोकांना ठाऊक नसते, म्हणून थोडं सांगतो. कंटाळलात तर हा परिच्छेद सोडा. फाळणी झाली ती कालव्यांच्या मधून. माधोपूर आणि फिरोजपूरची हेडवर्क्स भारतात राहिली आणि त्यांच्यावर भिजणारी बरीचशी जमीन पाकिस्तानात गेली. तात्पुरती व्यवस्था 31 मार्च 1948 ला संपली. दुसऱ्या दिवशी पूर्व पंजाबनं पाणी तोडलं, ऐन खरिपाच्या तोंडावर. मे महिन्यात दिल्लीत समझोता झाला आणि पाणी सुटलं, पण पाकिस्तानच्या मनात जी धास्ती बसली ती बसलीच. तुम्ही त्या धास्तीच्या पोटी जन्मला आहात. 1951 मध्ये डेव्हिड लिलिएन्थॉल नावाचे अमेरिकन गृहस्थ दोन्ही देश फिरून गेले. हे टेनेसी खोरे प्राधिकरणाचे एकेकाळचे प्रमुख. त्याच टेनेसीच्या धर्तीवर आपल्या दामोदर खोऱ्याची आखणी झाली आणि त्या आखणीत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातले मजूर खात्याचे सदस्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा मोठा हात होता. लिलिएन्थॉल म्हणाले, काश्मीरचं राजकारण घटकाभर बाजूला ठेवा, सगळं खोरं एक धरा, दोघांच्या अभियंत्यांनी मिळून चालवा, पैसे जागतिक बँक देईल. बँकेचे अध्यक्ष युजीन ब्लॅक यांनी ते उचलून धरलं. वॉशिंग्टनला बैठका बसल्या. आणि वर्ष-दोन वर्षांतच सगळ्यांच्या लक्षात आलं, की मिळून चालवणं या दोघांना जमायचं नाही. 1954 मध्ये बँकेनं सरळ नद्याच वाटून दिल्या. रावी, बियास, सतलज भारताला. सिंधू, झेलम, चिनाब पाकिस्तानला. त्यानंतरची सहा वर्षं पैसे, कालवे आणि अपवाद यांवर घासाघीस करण्यात गेली.

माझी पहिली तक्रार इथली आहे. तुम्हाला लोक सहकार्याचा आदर्श म्हणतात, जगभरच्या परिषदांत तुमचे गोडवे गातात. तुम्ही आहात वाटणीपत्र. आमच्याकडं दोन भाऊ वेगळे निघतात तेव्हा जमीन मोजून वाटतात, पण विहीर वाटता येत नाही, तिच्या पाळ्या लिहितात. चार दिवस थोरल्याचे, तीन दिवस धाकट्याचे, मोटार दोघांची. बोलणं बंद असलं तरी पाळीच्या दिवशी विहिरीवर गाठ पडतेच. त्यातून भांडणं होतात आणि त्यातूनच, पोराच्या लग्नाच्या वेळी, कधीतरी मिटतातही. तुम्ही ती गाठ पडायची जागाच कमी करून टाकली. तीन विहिरी तुझ्या, तीन माझ्या. सुटसुटीत झालं हे मान्य, आणि ते नसतं झालं तर काहीच झालं नसतं हेही मान्य. फक्त वर्षातून एक भेट आणि महिन्याला एक तक्ता, एवढीच फट ठेवलीत. त्या फटीतून जे काही वारं आलं, त्यावर पासष्ट वर्षं निघाली.

दुसरी तक्रार गाळाची. सलालचं काय केलंत तुम्ही? पाकिस्ताननं हरकत घेतली, 1978 मध्ये वाजपेयी परराष्ट्रमंत्री असताना समझोता झाला. भारतानं धरणाची उंची कमी केली आणि गाळ काढायचे खालचे दरवाजे कायमचे बंद केले. कागदावर तो मैत्रीचा नमुना ठरला. जलाशय गाळानं भरला. धरणाच्या तळाचे दरवाजे बंद करण्याच्या कागदावर सही करताना त्या अभियंत्याच्या जिवाचं काय झालं असेल, ते मी समजू शकतो. पुढं बगलिहारच्या वेळी स्वित्झर्लंडचे रेमंड लाफित तटस्थ तज्ज्ञ म्हणून आले. त्यांनी 2007 मध्ये सांगितलं, की गाळाची व्यवस्था ही धरणाची गरज आहे, तिला नाही म्हणता येणार नाही. पाकिस्तानला तो निकाल झोंबला. भारतालाही थोडी उंची कमी करावी लागली. वुलर सरोवराच्या तोंडावरचं तुळबुलचं काम 1987 पासून तसंच पडलंय. किशनगंगेचा वीजप्रकल्प लवादात गेला. 2013 मध्ये निकाल लागला, की वीज करा, पण नदीत सेकंदाला निदान 9 घनमीटर पाणी सोडा. हे सगळं तुमच्या नियमांनी झालं हे खरं. पण एकेका दरवाजाच्या उंचीसाठी दहा-दहा वर्षं? जम्मू-काश्मीरचे लोक म्हणतात, नद्या आमच्या दारातून जातात, करार करताना आम्हाला कुणी विचारलं नाही. त्यांना तुमच्याकडं उत्तर नाही.

रागावू नका. आभारही मानायचे आहेत, आणि ते मनापासून.

नद्या वळवण्याच्या खर्चापोटी भारतानं 6 कोटी 20 लाख 60 हजार पौंड द्यायचं ठरलं, दहा समान वार्षिक हप्त्यांत. 1965 मध्ये रणगाडे समोरासमोर आले, तरी त्या वर्षीचा हप्ता गेला. हे मी कुणाला सांगितलं की लोक माझ्याकडं बघतच राहतात. एक जण म्हणाला, मूर्खपणा. दुसरा म्हणाला, शब्द दिला होता ना. मी त्या दुसऱ्याच्या बाजूचा. 1971 झालं, कारगिल झालं, आयुक्त एकमेकांना कागद पाठवत राहिले. दोन्हीकडच्या त्या माणसांची नावं कुणाला माहीत नाहीत. त्यांचे पुतळे होणार नाहीत. गेरूचे पट्टे, पातळीची फूटपट्टी, पावसात भिजलेली वही, हीच त्यांची दुनिया. माझी पण तीच होती, म्हणून त्यांच्याविषयी मला माया आहे. शिवाय पूर्वेच्या तीन नद्या पूर्ण आपल्या झाल्या म्हणून भाक्राचं पाणी निर्धास्त वापरता आलं, बियासवर पोंग झालं, राजस्थानच्या वाळवंटात कालवा गेला. पंजाबचा गहू आमच्या गावच्या रेशन दुकानात यायचा. त्या पोळीत तुमचाही हात होता, तेव्हा कुणी सांगितलं नाही.

आता आमच्याकडची बातमी. कृष्णेनं 2005 ला, 2019 ला आणि 2021 ला सांगलीत येऊन आम्हाला भेट दिली. दर पावसाळ्यात आम्ही दोनच प्रश्न विचारतो. आयर्विन पुलाखाली पाणी किती फूट, आणि आलमट्टीचे दरवाजे किती उघडलेत? महाराष्ट्र आणि कर्नाटक यांचं बेळगावावरून काय चाललंय ते तुम्हाला कळलं असेल. तुमच्याइतकंच जुनं दुखणं आहे ते. पाण्याचं भांडण दोन लवादांकडं जाऊन आलं. बचावत लवादानं 1976 मध्ये आम्हाला 560 टीएमसी, कर्नाटकाला 700 आणि आंध्राला 800 दिलं, आणि त्यावरही समाधान नाही. आलमट्टीमुळे सांगली बुडते की नाही, यावर तज्ज्ञांत एकमत नाही आणि पानाच्या टपरीवर मात्र पूर्ण आहे. तरी पुराच्या दिवसांत दोन्हीकडचे अभियंते एकमेकांना विसर्ग कळवतात. कोयनेतून किती सुटलं, राजापूर बंधाऱ्यावरून किती गेलं, आलमट्टीतून पुढं किती सोडलं. पुढाऱ्यांची भाषणं चालू असतात आणि आकडे आपले जात असतात. पूर्वी ते वायरलेसवर जायचे, आता मोबाइलवर. आमच्या माणसानं आकडा सांगितला की पलीकडचा कानडी साहेब तो मराठीत परत म्हणून दाखवायचा, चूक नको म्हणून. एवढं एक काम दोन्ही सरकारांनी नीट केलं तरी पुष्कळ जनावरं वाचतात. माणसं तर वाचतातच.

हे सांगायचं कारण ऑगस्ट 2025. त्या महिन्यात पाऊस दोन्ही पंजाबांवर सारखाच पडला. रावी, बियास, सतलज, त्या आपल्या वाट्याच्या नद्या, आपल्यालाही जुमानल्या नाहीत. भारतातल्या पंजाबचे सगळे तेवीस जिल्हे पूरग्रस्त जाहीर झाले. माधोपूरच्या बंधाऱ्याचे दरवाजे तुटले. 1948 मधलं तेच माधोपूर. पलीकडं कर्तारपूरचा गुरुद्वारा पाण्यात उभा होता. आणि जम्मूतून वाहणाऱ्या तवी नदीला मोठा पूर येणार, हे आपल्या सरकारनं पाकिस्तानला कळवलं. तुमच्या आयुक्तांमार्फत कळवलं नाही. इस्लामाबादच्या आपल्या उच्चायुक्तालयातून, माणुसकीच्या नात्यानं. तुम्ही कपाटात, आणि तुमचं काम दुसऱ्या दारानं चालू! ही बातमी वाचून मी चहाचा कप खाली ठेवला आणि हे पत्र लिहायला घेतलं.

कारण त्याच सरकारनं, त्याच रागात असताना, हे केलं. कुणी दबाव आणला म्हणून केलं नाही. पाणी वरून खाली जातं आणि खाली माणसं आहेत, एवढं दिल्लीत कुणाला तरी आठवलं. माझं म्हणणं इतकंच, की हे एखाद्या अधिकाऱ्याला आठवण्यावर सोडू नये. पूर रात्री दोन वाजता येतो. तेव्हा वकिलातीचं दार उघडून, पत्राचा मसुदा वर मंजुरीला पाठवून, मग पुढं कळवण्यात जो तास जातो त्या तासात गाव जातं. 2025 च्या मे महिन्यात सलाल आणि बगलिहारचे जलाशय रिकामे करून गाळ धुतला, त्यात मला अभियंता म्हणून काही चूक दिसत नाही. सलालला ते कधीच व्हायला हवं होतं. पण खालच्याला आधी न कळवता दरवाजा उघडायचा नाही, हा आमच्या खात्यातला पहिला धडा. मुकादमसुद्धा कालव्याला पाणी सोडण्याआधी भोंगा वाजवतो.

तेव्हा विनंती अशी. तुम्ही आहात तसे परत यावं असं मी म्हणत नाही. 2023 आणि 2024 मध्ये भारतानं तुम्हाला बदला म्हणून नोटिसा दिल्या होत्या, त्यात तथ्य आहे. हिमनद्या आटताहेत, जमिनीखालचं पाणी दोन्हीकडं उपसून चाललंय, आणि तुमच्या कलमांत या दोन्हींबद्दल काही नाही. बोलणी करायला यायच्या आधी बंदुका खाली ठेवा, असं म्हणायचा भारताला पूर्ण हक्क आहे आणि ते पाकिस्ताननं ऐकावंही. हेगच्या लवादानं 2025 च्या जूनमध्ये सांगितलं, की स्थगितीनं आमचा अधिकार जात नाही. भारतानं तो लवादच मानला नाही. हा वाद माझ्या कुवतीबाहेरचा. पण नवा करार व्हायला वीस वर्षं लागोत की पन्नास, तोवर पातळीचा आणि विसर्गाचा तो तक्ता एवढा मात्र सुटा करून जाऊ द्या. त्याला करार म्हणू नका हवं तर. माणुसकी म्हणा, ऑगस्टमध्ये म्हटलं तसं. फक्त रोज जाऊ द्या, सकाळी आठच्या नोंदीसह, आणि तिकडूनही येऊ द्या. सतलज कसूरकडून वळून पुन्हा आपल्या फाजिल्कात शिरते. तिकडचा बांध फुटला की पाणी आपल्याही शेतात येतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

दोन्हीकडचे आयुक्त आजही पदावर असतील, त्यांच्या टेबलावर टेलिफोन असेल. त्यांना एवढं विचारा, की बाबांनो, आज चिनाबला अखनूरला किती आणि मरालाला किती? पहिल्या दिवशी दोघंही कुरकुरतील. आकडा मात्र देतील. अभियंत्याला आकडा विचारला आणि त्यानं दिला नाही, असं मी अजून पाहिलेलं नाही.

बाकी ठीक. इकडं यंदा ऊस बरा आहे. कळावे.

आपला,
पाटबंधारे खात्यातला एक निवृत्त शाखा अभियंता, सांगली

ता. क.: फराक्क्याच्या गंगा पाणीवाटप करारालाही पत्र लिहायचं राहिलंय. तो तुमच्या धाकट्या भावासारखा, 12 डिसेंबर 1996 चा, आणि त्याची तीस वर्षांची मुदत 2026 च्या डिसेंबरात भरते. दोघांच्या संमतीनं वाढवायची सोय त्यात आहे. त्याच्याशी गाठ पडली तर सांगा, की मुदत संपायची वाट पाहू नकोस, आधीच ढाक्याला अर्ज टाक. आणि अर्जाची पोच घे.